दातानं तोडलेला दोरा

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानावर पाटी म्हणून पत्र्याची एक भलीमोठी कात्री आहे. माणसाच्या उंचीची, पाती उघडी, लाल रंगाची. गल्लीतल्या बाकीच्या पाट्या वाऱ्यावादळात उडाल्या, गंजल्या, बदलल्या. ही तसूभर हलली नाही, कारण मास्तरांनी तिला चार बोल्ट मारून भिंतीला जखडून टाकलं होतं. त्यांच्या आधी हे दुकान थोरल्या शिंप्याचं होतं. त्याची रीत निराळी. दुकान बंद करताना तो आकड्याच्या काठीनं कात्री उतरवायचा आणि कापायच्या टेबलाखाली सरकवून ठेवायचा, कारण त्या काळी पत्रासुद्धा चोरीला जायचा. दुकान हाती आल्यावर मास्तरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कात्रीला बोल्ट. थोरल्या शिंप्यानं कारण विचारलं, तर म्हणाले, "राहू दे वर." दुसरं कारण त्यांनी कुणालाच कधी दिलं नाही.

मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीलाही गल्ली कात्रीच म्हणायची. एक तर ती बापाच्या शेजारी बसून चाळीस वर्षं कापड कापत आली होती, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. कुणी पोट आत ओढून म्हणालं, "आता घ्या माप," की ही टेप गळ्यात अडकवून शांतपणे म्हणायची, "घेते की. पण मग कोट अंगात असेपर्यंत श्वास सोडू नका." तिच्या नाकावर माशी बसत नसे. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की हात धुवून तिच्या मागे लागायची, मग ती गोष्टच दमून हार मानायची. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. तो म्हणायचा, "आमच्या गाडीला ब्रेक नाहीत. आपण फक्त खांबाला धरून बसायचं."

आता मास्तरांचं सांगतो, म्हणजे ही बाई कशाच्या मागे लागली ते कळेल.

मास्तर पाच वर्षांचे असताना याच कात्रीखाली उभे राहिले होते. बाप आधीच गेलेला, मागोमाग आई गेली. आठ वर्षांचा भाऊ धाकट्याचा हात धरून कुठल्याशा मावशीला शोधत या शहरात आला. मावशीचं घर त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त ते तिथं नव्हतं. धाकट्यानं भुकेनं भोकाड पसरलं, तेव्हा भावानं त्याला कात्रीखाली उभं केलं आणि बजावलं, "इथंच उभा राहा. हलू नकोस. मी पाव घेऊन येतो." धाकटा उभा राहिला. दुपार गेली. थोरला शिंपी दोनदा बाहेर येऊन बघून गेला, दोन्ही वेळा पोरगं म्हणालं, "मला हलायचं नाहीये." दिवस कलला तेव्हा शिंप्यानं त्याला सरळ उचलून आत नेलं आणि दूध पाजलं. पोर टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपून गेलं. सकाळी उठून ते पुन्हा दारात जाऊन उभं राहिलं. असं ते महिनाभर रोज उभं राहत होतं. भाऊ आला नाही.

शाळेत घालताना आडनाव विचारलं, तर पोराला सांगता येईना. घरी कुणी आडनावानं हाक मारतं थोडंच? थोरल्या शिंप्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं आपलंच आडनाव लावून टाकलं आणि विषय संपवला. आडनाव दुसऱ्याच्या मापाचं होतं, पण बसायला बसलं अंगावर.

मास्तरांना भावाचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, कधी तरी निवला असता. त्यांच्या मनात दुसरंच होतं. त्यांना खात्री होती की भाऊ परत आला असणार आणि आपण जागेवर नव्हतो. "त्याला वाटलं असेल, मी ऐकलं नाही," ते मुलीला म्हणायचे. "त्याला एवढंच सांगायचंय, की मी हललो नव्हतो. मला उचललं." सगळी दुकानं नव्या बाजारात गेली, तिथं पंखे होते, काचा होत्या, गिऱ्हाईकाला बसायला सोफे होते. मास्तर गेले नाहीत. मुलीनं एकदा बोलून पाहिलं, पण त्यांनी शिवणातून मान वर केली नाही. तिलाही कळायचं ते कळलं.

गेल्या वर्षी एक वकीलीणबाई काळा कोट शिवून घ्यायला आल्या आणि माप देता देता म्हणाल्या की त्यांनी आपल्या आडनावाचं मूळ शोधून काढलंय, तेही थुंकीवरून. मास्तरांच्या हातातली टाचणी थांबली. बाईंनी समजावून सांगितलं. पुरुषांच्या डीएनएमध्ये एक भाग असा असतो, की तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो, अगदी आडनावासारखा. आडनाव माणूस बदलतो, हा भाग बदलत नाही. एक संस्था आहे, ती हजारो पुरुषांची ही खूण नोंदवून ठेवते आणि कोण कुणाशी जुळतं ते सांगते. बाईंनी आपल्या भावाची खूण तपासून घेतली होती.

"म्हणजे थुंकीवरून भाऊ सापडतो?" मास्तरांनी विचारलं.

"त्यानं नोंद केली असेल तर. किंवा त्याच्या मुलानं, नातवानं."

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. आणि मुलीनं कंबर कसली.

आधी तिनं स्वतःचीच तपासणी दुसऱ्या एका कंपनीत करून पाहिली. तिथं सगळ्या बाजूंचे नातेवाईक दाखवतात म्हणे. दाखवले तीन, तेही इतके लांबचे की रस्त्यात दिसले तर दोघांनीही मान फिरवावी. मास्तरांच्या भावाच्या बाजूचं कुणी नव्हतंच. आडनावाची ती खूण मुलीत उतरत नाही, आणि मास्तरांना मुलगा नव्हता. तेव्हा उरलं एकच तोंड, पंच्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं.

"अगं, ऐंशी वर्षांपूर्वी चुकलेली बस आहे ती," ड्रायव्हर म्हणाला.

"मग पुढच्या थांब्यावर गाठू," ती म्हणाली.

संस्थेकडून छोटा डबा आला. आत कागदात गुंडाळलेल्या दोन काड्या, टोकाला कापसाचा बोळा. काडी गालाच्या आतून एक मिनिट घासायची, वाळवायची, पाकिटात घालायची. तिनं सूचना तीनदा वाचल्या, ड्रायव्हरला एकदा वाचून दाखवल्या. तासभर मास्तरांना काही खाऊ-पिऊ दिलं नाही. चहासाठी त्यांचा जीव कासावीस झाला होता. मग तिनं हात धुतले, काडी सोडवली, मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांना डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं, पण हात शाबूत होते. त्यांनी काडी गालात अशी फिरवली, की जणू काज करताहेत. दुसरी काडीही झाली. पाकीट बंद करताना मास्तर म्हणाले, "त्यावर लिही, की मी अजून इथंच आहे." तसं लिहायला कुठं जागा नव्हती. तिनं तरी पाकिटाच्या मागं लिहिलं.

निकालाला सहा आठवडे लागणार होते. चौथ्या आठवड्यात मास्तर गेले. दुपारी, दुकानात, मांडीवर एका बँडमास्तरांचा कोट. कॉलरचे कच्चे टाके घालून झाले होते, शेवटचा दोरा दातानं तोडला होता आणि मान खाली गेली होती. मुलीला वाटलं, डुलकी लागली. तिनं त्यांच्या हातातून सुई काढून घेतली, तेव्हा बोटं गार लागली.

आठवड्यानं संस्थेचं पत्र आलं. नमुना बाद. त्यात दोन व्यक्तींचा अंश आढळला, एक पुरुष, एक स्त्री. नियमानुसार तो तपासता येत नाही. कृपया त्याच व्यक्तीचा नवा नमुना पाठवावा.

तिनं फोन लावला आणि फोनवरच्या बाईला असं काही फैलावर घेतलं, की पलीकडं ती बिचारी ऐकतच राहिली. "तुमच्याकडंच कुणाचा तरी हात लागला असणार! माझ्या बापाच्या तोंडात दुसरं कोण कशाला जाईल? आता कुठून आणू मी त्याच व्यक्तीला?" ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, काड्या मोहोरबंद येतात, इथं कुणी उघड्या हातानं शिवत नाही. पाठवताना तुमच्याकडं काही..." हिनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकान उघडून बसली. मास्तरांना सुई ओवता येईना झाल्यापासून रोज सकाळी वीस सुया ओवून त्यांच्या सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायची तिची सवय होती. मास्तर नव्हते, तरी हातांनी रीळ घेतलंच. दोरा कापला, टोक ओठात धरलं, ओलं केलं, बोटांनी पीळ दिला. आणि ती तशीच थांबली. दोरा ओठातच.

तिनं काडीही ओठात धरली होती. दोन्ही काड्या. बारीक टोकाची कुठलीही वस्तू बापाच्या हातात द्यायची, तर आधी ओठात ओली करून द्यायची, हे कित्येक वर्षांचं वळण. हात धुतले, सूचना तीनदा वाचल्या आणि मग हातांनी त्यांना माहीत होतं तेच केलं. ड्रायव्हर समोर बसला होता, त्यालाही ते दिसलं नाही, कारण ते रोजचंच होतं.

ती दुकानाचं दार आतून लावून रडली. बाप गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकं. बापानं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती आणि ती आपल्या थुंकीनं वाया गेली. मग उठली, तोंड धुतलं, आणि त्या फोनवरच्या बाईला पुन्हा फोन लावला.

"चूक माझी होती," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून याआधी कुणी ऐकल्याचं गल्लीला आठवत नाही. "आता मला एवढंच सांगा, माणूस गेल्यावर त्याची थुंकी कुठं कुठं सापडू शकते?"

बाई मनानं मोठी निघाली. म्हणाली, जुन्या पाकिटांवर, तिकिटांवर, जी जिभेनं ओली करून चिकटवलेली असतात. तसले नमुने घेणारी एक वेगळी प्रयोगशाळा आहे. वडील पत्रं लिहायचे का?

"नाही. शिवायचे," ती म्हणाली, आणि तिची नजर बँडमास्तरांच्या कोटावर गेली.

मास्तर दोरा दातानं तोडायचे. आयुष्यभर. मुलीला मात्र शिकवताना बजावलं होतं, "दातानं तोडायचा नाही, दात झिजतात. कात्री कशाला दिलीय?" आणि हे सांगता सांगता स्वतः कटकन तोडायचे. त्यामुळं या दुकानातल्या कुठल्याही कपड्यात कुठला टाका कुणाचा, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. कात्रीनं कापलेलं टोक सरळ असतं. दातानं तोडलेलं टोक चपटं, पिंजलेलं आणि ओलं होऊन वाळलेलं, म्हणून जरासं कडक. कच्चे टाके तर कोट पूर्ण झाला की उसवून फेकायचेच असतात.

तिनं हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, भिंग घेतलं आणि बँडमास्तरांच्या कोटातून एकेक टोक चिमट्यानं वेचलं. सरळ टोकं एका कागदावर, चपटी दुसऱ्यावर. एकेचाळीस चपटी टोकं निघाली. तेवढ्यात स्वतः बँडमास्तर कोट घ्यायला आले. तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या कोटाला मास्तरांची थुंकी लागलेली आहे?" ते डोळे विस्फारून म्हणाले.

"या शहरातल्या सगळ्या चांगल्या कोटांना लागलेली आहे," ती म्हणाली. "तुमची नशिबानं ताजी आहे."

बँडमास्तर म्हणाले, कोट वर्षभर झाला नाही तरी चालेल, आपण जुनाच घालून वाजवू. टोकं प्रयोगशाळेत गेली. महिन्यानं उत्तर आलं: पुन्हा दोघांचं मिश्रण. साहजिकच होतं. त्या कोटाला तिनं इस्त्री केली होती, अस्तर बेतलं होतं, त्या सुया तिनं ओवल्या होत्या. दुकानातल्या प्रत्येक कपड्यावर बाप आणि मुलगी एकमेकांत मिसळून गेले होते. एरवी ही गोष्ट ऐकून तिला बरं वाटलं असतं.

मग ती सुयांच्या उशा, रिळं, बोटात घालायची अंगुस्तानं उलथीपालथी करत बसली. जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन उभी राहिली, "अस्तर उसवू द्या, दोन दिवसांत होतं तसं करून देते." लोक नाही म्हणाले नाहीत. पण जिथं बघावं तिथं बापाच्या टाक्याशेजारी तिचा टाका. अकरा कोट उसवले, अकरा परत शिवले. बोटांना भोकं पडली. ड्रायव्हर हे सगळं बघत होता. एक दिवस म्हणाला, "अगं, किती दिवस?" ती म्हणाली, "बाबांनी ऐंशी वर्षं धरलं, मला अजून सहा महिनेही झाले नाहीत." 

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. काखेत कापडी पिशवी. त्यातून त्यानं एक करडा कोट काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या लग्नातला. चौतीस वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपलेला, बायकोलाही हात लावू न दिलेला. तो आता त्याला लहान झाला होता, पण दर वर्षी एकदा तो बाहेर काढायचा, बाह्यांत हात घालायचा आणि पुन्हा घडी करून ठेवायचा. बस चालवताना आयुष्यभर खाकी घालणाऱ्या माणसाचा तो एकमेव थाट होता.

"हा मास्तरांनी एकट्यानं शिवलाय," तो म्हणाला. "आठवतं? तुला शिवूच दिला नव्हता. म्हणाले होते, जावयाचा कोट आहे, माझा मी शिवणार. तेव्हा डोळे चांगले होते. सुयासुद्धा त्यांनीच ओवल्या."

तिनं कोटाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "अहो, छातीचं अस्तर पूर्ण उसवावं लागेल. कापड जुनं झालंय. परत तसाच्या तसा होईल असं नाही."

"उसव," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन पायरीवर पाठ करून बसला.

अस्तराच्या आत, जिथं चौतीस वर्षं ना हवा गेली ना हात, तिथं काजांच्या मागं आणि छातीच्या आतल्या जाड कॅनव्हासवर मास्तरांनी तोडलेली टोकं जशीच्या तशी होती. चपटी, पिंजलेली, कडक. तिनं ती वेचली. सहासष्ट. एकही सरळ नाही.

या वेळी निकाल लवकर आला. एकच पुरुष. स्पष्ट. प्रयोगशाळेनं तो आडनावांच्या संस्थेला कळवला, आणि चार दिवसांनी फोनवरच्या त्याच बाईनं स्वतःहून फोन केला. आवाजावरूनच कळत होतं की ती खुर्चीतून उठून बोलतेय. मास्तरांची खूण तेरा माणसांशी जुळली होती. त्यातल्या बारा जणांचं आडनाव एकच, म्हणजे मास्तरांचं खरं आडनाव बहुधा तेच. पण ते बारा लांबचे. सगळ्यात जवळचा, तेरावा, एक तरुण होता, आणि त्याचं आडनाव त्या बारा जणांचंही नव्हतं आणि मास्तरांचंही नव्हतं. "ताई, हे बहुतेक एकाच तऱ्हेनं होतं," बाई म्हणाली. "त्याच्या घरात कुणीतरी आडनाव हरवलंय. तुमच्या वडिलांसारखंच."

तिनं त्याला निरोप पाठवला, की शिंपी असलेल्या आपल्या बापाचा भाऊ लहानपणी चुकला होता आणि बाप आता नाही. त्याच संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. तरुणाचा आवाज होता. तो म्हणाला, आजोबा अनाथाश्रमात वाढले. दाखल करणाऱ्या कारकुनानं यादीतलं वरचंच आडनाव त्यांना लावून दिलं. आपलं खरं आडनाव कुठलं हे शोधायला म्हणून त्यानं तपासणी केली होती. "आजोबा इथंच आहेत. अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं. पण तुमचा निरोप वाचल्यापासून एकच विचारताहेत. तिथं कात्री आहे का?"

 "द्या त्यांना," ती म्हणाली.

पलीकडं जोरजोरात श्वास ऐकू आला. मग एक चिरका, मोठा आवाज. "पाव मिळाला होता," आवाज म्हणाला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "बेकरीवाला नुसता देईना. म्हणाला, आधी भट्टीचे पत्रे घास. सगळे घासले. संध्याकाळ झाली. पळत आलो, तर कात्री नाही. सगळी दारं बंद. वाचता येत नव्हतं मला, कात्री तेवढी ठाऊक होती. कात्री नाही, म्हणजे गल्ली चुकली. मग दुसऱ्या गल्लीत गेलो, तिसऱ्या. पहाटेपर्यंत हिंडलो. मग पोलिसानं धरलं, आणि अनाथ पोरांच्या गाडीत घालून लांब पाठवून दिलं. शहराचं नावही मला माहीत नव्हतं, पोरी. मोठा झाल्यावर तीन शहरं पालथी घातली. कुठंही कात्री दिसली की..." मग एकदम, "तो कुठं गेला होता?"

तिच्या पायाशीच ते टेबल होतं. त्या रात्री त्याच्याखाली, चिंध्यांच्या ढिगावर, एका अंगाला पत्र्याची कात्री आणि तिच्या शेजारी पाच वर्षांचा तिचा बाप. बाहेर बंद दारावरून आठ वर्षांचा भाऊ हातात पाव घेऊन तीनदा गेला असेल. मधे एक फळी होती.

बोल्ट का मारले, ते तिला आत्ता कळलं. कात्री दिसली नाही म्हणून भाऊ चुकला, हे मास्तरांनी केव्हाच ओळखलं होतं.

"काका," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही इथं या. मग सांगते."

ते रविवारी आले. गल्ली बंद होती, तरी निम्मी गल्ली दारात उभी. बँडमास्तर तर जुन्या कोटात हजर. गाडीतून आधी नातू उतरला, ओशाळल्यासारखा. "सकाळपासून एकच हट्ट," तो हळूच म्हणाला. "आधी पाव घ्यायचा. तोही कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीतून निघेपर्यंत थांबून." मागून म्हातारे उतरले. मास्तरांचेच खांदे, मास्तरांचीच एका बाजूला कललेली मान. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला पाव. त्यांनी मान वर करून कात्रीकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"कुठं उभा होता?" त्यांनी विचारलं.

तिनं दाखवलं. दाराच्या डाव्या अंगाला, खालच्या पात्याखाली. ते तिथं गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"काका, बाबांचा निरोप आहे," ती म्हणाली.  "ते हलले नव्हते. उचलून आत नेलं होतं त्यांना. कात्रीसुद्धा आतच होती, त्यांच्या शेजारी. नंतर त्यांनी ती कधी उतरवू दिली नाही."

 म्हाताऱ्यांनी हातातला पाव तेवढा पुढं केला. तिनं तो घेतला. अजून गरम होता.

"तुमचं खरं आडनावही सापडलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "सांगू?"

"सांग नंतर," ते म्हणाले. "किती वेळ उभा होता तो?"

"दुपारभर. आणि पुढं महिनाभर, रोज. आत या काका, बसा."

"येतो. जरा उभा राहू दे मला."

ड्रायव्हरनं लगबगीनं खुर्ची आणून ठेवली. म्हाताऱ्यांनी खुर्चीकडं पाहिलंही नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं पाव छातीशी धरला आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.